पुढची काच

११ डिसेंबर २०२४, बुधवार

काचेला टवका उडाला. नाशिकहून परत येताना तोरंगणच्या घाटात खडीचा डंपर पुढे होता. वर ताडपत्री नाही, काही नाही. ठक्क! बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. आधी वाटलं नुसता आवाजच. वळणावर ऊन आलं तेव्हा दिसला. चार आण्याएवढा, आणि त्यातून निघालेल्या तीन-चार बारीक रेषा. हॉर्न वाजवत राहिलो. डंपरवाला निघून गेला.

बाबा मागच्या सीटवर आडवे होते. डायलिसिस करून येताना ते आडवेच असतात. काय झालं विचारलं. म्हटलं, खडा लागला. पुन्हा डोळे मिटले.

तेरा महिने झाले. दर बुधवारी, दर शनिवारी. जवळ कुठे जागा मिळाली नाही, नाशिकला मिळाली. मोखाड्याहून पाचला निघायचं, सातला मशीन चालू, अकराला बंद, दीडला घरी. बुधवारची अर्धी रजा. पंचायत समितीत साहेब तोंडाने काही बोलत नाहीत, टेबलाकडे बघतात.

या गाडीवर सगळं चाललंय. तिला काही व्हायला नको.

१२ डिसेंबर

मंजुषाचं म्हणणं, शनिवारी नाशिकला जाणारच आहात, बाबा चार तास मशीनवर असतात, तुम्ही बाहेर बाकावर बसून काय करता? तेवढ्यात काचवाल्याकडे टाका गाडी.

बरोबर आहे तिचं. पण माझ्या हातून होत नाही. विहिरीवरचा पंप मीच उघडतो, मिक्सर मीच, घरातली वायरिंग मी केली. बाबांची आंघोळ, नखं, गोळ्या, दिवसाला पाऊण लिटर पाण्याचं माप — तेही मीच. दुसऱ्याच्या हातात दिलं की मला स्वस्थ बसवत नाही. मंजुषा म्हणते, हा गुण नाही, आजार आहे.

मोबाइलवर व्हिडिओ बघितले. दहा मिनिटांत टवका गायब! किट मागवलं.

१४ डिसेंबर, शनिवार

गेलो होतो काचवाल्याकडे. मंजुषाचं तोंड बंद करायला. सेंटरपासून दोन गल्ल्या सोडून दुकान. म्हातारा माणूस, बोटांना जुन्या कापल्याच्या खुणा. म्हणाला, अर्धा तास लागेल, गाडी घेऊन या. घरी केलं तर चालेल का विचारलं. हसला नाही, ते बरं वाटलं.

"करा की. पण आत ओल राहिली तर सगळं वाया. आणि एकदा चुकीचं भरलं ना साहेब, मग मलाही काही करता येत नाही. काचच बदलायची."

गाडी आणायला वळलो आणि सेंटरवरून फोन. बाबांच्या पायात गोळे आले होते. पळत गेलो. पलंगाचा लोखंडी गज दोन्ही हातांनी धरून पडले होते, दात आवळलेले, कपाळावर घाम. सिस्टर एकटी, तिच्याकडे चार मशीन. मी पाय दाबले. गोळा उतरायला बराच वेळ लागला. मग म्हणाले, "कुठं गेलतास?"

अकरापर्यंत तिथेच बसलो. काच राहिली ती राहिलीच.

आता घरीच करणार.

१८ डिसेंबर, बुधवार

किट आलं. डबी एवढीशी.

बाबा येताना दोनदा ओकले. रेषा वाढलेल्या नाहीत. रोज बोटाने मोजतो.

२२ डिसेंबर, रविवार

आज केलं.

गाडी काल धुतली होती — ही पहिली चूक, पण ते नंतर कळलं. सकाळी अंगणात उन्हात लावली. बाबा खाटेवर बसून बघत होते. त्यांना कागदावरच्या सूचना मोठ्याने वाचून दाखवल्या, एक एक. कधी नव्हे ते नीट ऐकत होते. मधे मधे विचारत होते — हे कशाला, ते कशाला. बरं वाटलं. लहानपणी त्यांनी मला नांगराचा फाळ बसवायला असंच शेजारी बसवून शिकवलं होतं. आज उलटं.

टाचणीने टवक्यातली बारीक काच काढली. वरून रबराची वाटी चिकटवली, तिच्या नळीत तो पातळ गोंद थेंब थेंब सोडला, मग स्क्रू फिरवून आत दाबायचा. दाबून दहा मिनिटं ठेवा, असं लिहिलंय. सहाव्या-सातव्या मिनिटाला ऑफिसमधून फोन — घरकुलाची यादी कुठे आहे? रविवारी! बोलता बोलता मी स्क्रू सोडला. परत आवळला. वर प्लास्टिकची चकती लावून उन्हात वाळवलं, ब्लेडने खरवडलं.

रेषा दिसेनाशा झाल्या. मधे एक ठिपका राहिला, धुरकट. आत ओल राहिली असणार. पण बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं. मंजुषाला बोलावून दाखवलं. तिने वाकून बघितलं. "झालं की," एवढंच.

बाबांनी विचारलं, आता ही फुटायची नाय ना? म्हटलं, नाही, पक्की झाली.

त्यांनी मान हलवली आणि आत गेले.

२५ डिसेंबर, बुधवार

नाशिकला जाऊन आलो. काच टिकली. घाटात खड्डे, एकदा तर चाक धाडकन आदळलं. काही नाही झालं!

२८ डिसेंबर, शनिवार

येताना बाबा बोलले. म्हणाले, कमूकडं ने. कमूताई म्हणजे माझी मोठी बहीण. सूर्यमाळला आमच्या जुन्या घरात तीच राहते, जमीन तीच करते. म्हटलं, नेऊ या. कधी? — विचारलं त्यांनी. म्हटलं, बुधवार आणि शनिवारच्या मधे बसवायला हवं, तिथे पाण्याचे हाल, रात्री-अपरात्री श्वास लागला तर वरून खाली कोण आणणार? उन्हाळ्यात बघू.

"उन्हाळ्यात तिथं पानी नसते," म्हणाले.

खरंच की. सूर्यमाळचा उन्हाळा मी कसा विसरलो?

मग जेवताना पुन्हा तेच म्हणाले. मंजुषा माझ्याकडे बघत होती. मी गोळ्या काढत होतो.

१ जानेवारी २०२५, बुधवार

सेंटरमध्ये सिस्टरनी सगळ्यांना गुलाब दिला. बाबांनी माझ्याकडे दिला, मी गाडीत ठेवला. वजन दोन किलो जास्त भरलं. चोरून पाणी पितात का? विचारलं तर पांघरूण ओढून घेतलं.

४ जानेवारी, शनिवार

काच गेली.

पहाटे पावणेपाचला सामान घेऊन बाहेर आलो. मरणाची थंडी. मोबाइलच्या उजेडात बघतो तर टवक्यापासून दोन्ही बाजूंना तडा, नदीसारखा वाकडातिकडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वरच्या बाजूलाही एक फाटा गेलेला. काल संध्याकाळी नव्हता. मी स्वतः बघितलं होतं.

तरी काढली गाडी. बाबांना बसवलं, काच बघून मंजुषाही आज सोबत पुढे बसली. जव्हार फाट्याकडून एक ट्रक समोर आला आणि त्याच्या उजेडात सगळी काच पेटल्यासारखी पांढरी झाली. मला रस्ताच दिसेना. ब्रेक मारला. मंजुषा म्हणाली, परत फिरवा. मी म्हटलं, उजाडेल. ती म्हणाली, "घाटात फुटली आणि तुमच्या डोळ्यांत गेली, तर तिघंही जाऊ. फिरवा." फिरवली.

मग फोन. तीन जीपवाल्यांना लावले. दोघे लग्नाच्या भाड्यावर, तिसरा उचलेना. एसटी निघेपर्यंत मशीनची वेळ टळणार, आणि बाबा एसटीत दोन तास बसूच शकत नाहीत. सेंटरला फोन केला. दुसरी पाळी भरलेली. उद्या रविवार, बंद. सोमवार-मंगळवारी जागा नाही. बुधवारीच या, मधे त्रास झाला तर थेट इमर्जन्सीत आणा.

बाबांना सांगायला गेलो. ते पांघरुणात शिरले होते. म्हणाले, जाऊं दे रं, एक दिवस. आणि झोपले. नऊपर्यंत झोपले!

माझा फोन, माझा सैल स्क्रू, माझी ओल.

५ जानेवारी, रविवार

बाबा दिवसभर बरे. अंगणात उन्हात बसले, नागलीची भाकर मागून खाल्ली. शेजारच्या वेणूकाकू आल्या तर त्यांच्याशी जुन्या दुष्काळाच्या गोष्टी करत बसले. एवढं बोलताना किती महिन्यांत पाहिलं नव्हतं.

मी मात्र गाडीभोवती फिरतोय. मंजुषा भांडी घासता घासता म्हणाली, चार तासांत झालं असतं. एकदाच म्हणाली.

संध्याकाळी बाबांचे पाय सुजले. बोट दाबलं की खळगा राहतो.

६ जानेवारी, सोमवार

सकाळी सहाला श्वास. बसून, पुढे वाकून, माशासारखा. बोलता येईना. १०८ आली. आधी इथल्या सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन, मग नाशिक. फुफ्फुसात पाणी. आयसीयूत घेतलं. अजून शुद्ध नीट नाही.

दवाखान्याच्या कागदावर लिहितोय. घरी जाऊन वहीत चिकटवीन.

७ जानेवारी

तीनदा मशीन लावणार म्हणतात. तोंडात नळी नाही, हे नशीब.

कमूताई आली. पहाटे सूर्यमाळहून खाली चालत, मग जीप. आयसीयूबाहेर मला बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, काच नीट करायला माणूस मिळाला नाय तुला? शिकलास कशाला एवढा? मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली. तिच्या पायाला अजून माती होती.

मी तिला चहा आणून दिला. तिने घेतला नाही.

९ जानेवारी

बाबा शुद्धीवर. डोळे उघडून बराच वेळ छताकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मला वाटलं काही तरी बोलतील. तोंड दुसरीकडे वळवलं.

माझ्यावर रागावलेत. रागवायलाच हवं.

११ जानेवारी, शनिवार

मंजुषाच्या भावाच्या सोबतीने दिवसाउजेडी, जपत जपत, गाडी नाशिकला आणली आणि त्याच काचवाल्याकडे लावली. त्याने ओळखलं. पुढची जुनी काच काढून दोन लाकडांवर आडवी ठेवली, चष्मा लावला, वाकला. मी तिथेच उभा होतो, शिक्षा ऐकायला उभा राहावं तसा. विचारलं, माझ्यामुळेच ना?

त्याने माझ्या ठिपक्यावर नख फिरवलं. म्हणाला, काम कच्चंच आहे, पण आपोआप एवढं जायला नको होतं. हादऱ्याने तडा जातो तो हळूहळू सरकतो, आज बोटभर, उद्या दोन बोटं. हा एका दमात गेलाय.

"थंडीत काचेवर गरम पाणी ओतलं का कुणी? दव काढायला ओततात लोक."

म्हटलं, नाही. कुणी ओतणार?

"मग मला माहीत नाही," म्हणाला आणि नवीन काच आणायला आत गेला.

दोन तासांत बसवली. इतकी स्वच्छ की मधे काच आहे असं वाटतच नाही. मला तिच्याकडे बघवेना.

१२ जानेवारी, रविवार

बाबांना घरी आणलं. हातापायांच्या काड्या झाल्यात. कमूताई परत गेली, जाताना माझ्याशी बोलली नाही.

डोक्यात गरम पाणी बसलंय. मशीनच्या दिवशी पहाटे मंजुषा चारला उठते, बाबांच्या आंघोळीचं पाणी चुलीवर ठेवते. शनिवारी दव होतं. तिने काच पुसायला ओतलं असेल? आणि आता बोलत नसेल?

१४ जानेवारी

विचारलं नाही. तिने तिळगूळ दिला, घेतला. नीट बघता आलं नाही तिच्याकडे.

१५ जानेवारी, बुधवार

आज सगळं लिहून ठेवतो.

नाशिकहून दीडला आलो. बाबांना झोपवलं. मंजुषा पंचायतीच्या नळावरून हंडा घेऊन आली आणि मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. त्या शनिवारी काचेवर गरम पाणी तू ओतलंस का? तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. हंडा खाली ठेवला. हळू आवाजात म्हणाली, तुम्हाला स्वतःचा दोष पुरत नाही का, की मला पण द्यायचाय? मी म्हटलं, काचवाला सांगतो. ती म्हणाली, काचवाल्याकडेच द्यायची होती ना पहिल्या दिवशी! मग दोघांचेही आवाज चढले. चौदा महिने मी पहाटे चारला उठते त्याचं काय, तुमच्या बहिणीने दवाखान्यात मला नमस्कारसुद्धा केला नाही त्याचं काय. मी काय काय बोललो ते इथे लिहिणार नाही.

दारात काठीचा आवाज आला. बाबा. भिंत धरून उभे.

"तिना नको बोलू. मी वतला."

मंजुषा म्हणाली, बाबा, तुम्ही झोपा. तिला वाटलं ते भांडण मिटवायला बोलतायत. मलाही तसंच वाटलं.

"मीच वतला पानी. चुलीवरचा. तांब्यानं दोनदा."

मी त्यांना खाली बसवलं. थंडीत उठून अंगणापर्यंत कसे गेलात, ते विचारलं. किती मूर्खासारखा प्रश्न! म्हणाले, तशीही लघवीला जायची सवय, होत नसली तरी जाग येते. मंजुषा गोठ्याकडे लाकडं आणायला गेली होती. काचेवर पाणी ओतल्यावर कट असा आवाज झाला, मग आत येऊन पडलो.

पण कळलं कसं, गरम पाण्याने जाते ते?

"तूच वाचलास ना. कागदावर होता. थंड काचेवर एकदम गरम पानी टाकू नका."

होतं. शेवटून दुसरी सूचना. मीच वाचली होती, मोठ्याने.

मंजुषा तिथेच जमिनीवर बसली. मी विचारलं, का? बाबा काठीकडे बघत होते. सांगत होते ते तुटक तुटक. गाडी नसली म्हणजे सुटेल असं वाटलं. घरातच, दोन-चार दिवसांत. लोक म्हणतील म्हाताऱ्याचं वय झालं होतं, कुणाच्या माथी काही येणार नाही. पण तुम्ही उचलून नेलंत. आणि तिथे शुद्धीवर आलो तर तू समोर उभा, चोरासारखा. म्हणून तोंड फिरवलं.

म्हटलं, मला सांगायचं होतं.

"सांगितला. कमूकडं ने म्हणलो. तू गोळ्या काढत व्हतास." काठी आडवी ठेवली. "चौदा महिने तू मना नेतोस. एक दिवस तरी विचारलास का, बाबा, जायाचा का?"

नाही विचारलं.

१६ जानेवारी

ऑफिसला गेलो नाही. दिवसभर राग. त्यांच्यावर राग, भयंकर राग! बारा दिवस मी स्वतःला काय काय म्हणत होतो. मला सोडून जायचं होतं त्यांना, आणि मी स्क्रू मोजत बसलो. मरायला निघालेल्या माणसाने माझ्या डोक्यावर ते ठेवून जाऊ नये. कुणाच्या माथी येणार नाही म्हणे! काच कुणाच्या हातची होती?

संध्याकाळी त्यांना भरवताना घास मधेच धरून राहिलो. त्यांनी माझं मनगट धरलं, घास तोंडात नेला, सोडलं.

१८ जानेवारी, शनिवार

नेलं. मी आजही विचारलं नाही. भीती वाटली, विचारलं तर काय सांगतील याची.

ते मशीनवर असताना डॉक्टरांना भेटलो. दार लावून घ्या म्हटलं. बंद केलं तर काय होईल, सरळ विचारलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. दहा दिवस, कुणाला वीस. झोप वाढत जाते, श्वासाचा त्रास होईल, त्याला औषध देता येतं, घरी द्यायला शिकवतो. मशीन थांबवायचं पेशंटने स्वतः शुद्धीत ठरवलं असेल तर मी जबरदस्ती करणार नाही. मग म्हणाले, तुम्ही त्यांना विचारलंय का?

दुसऱ्यांदा तोच प्रश्न. आठवड्यात दुसऱ्यांदा.

१९ जानेवारी, रविवार

मंजुषाची माफी मागितली. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, आधी त्यांच्याशी बोला, माझं नंतर बघू. पण बाजूला सरकली, मला बसायला जागा केली.

कमूताईला फोन केला. वर रेंज नाही, दोनदा तुटला, तिसऱ्यांदा लागला. सगळं सांगितलं, पाण्यासकट. वाटलं पुन्हा तुटला.

"मना म्हाईत व्हता," म्हणाली. "पानी वतल्याचा नाय. पन मशीनवर जायाचा नाय, हे दिवाळीतच बोलला मना. मी म्हणला, असा बोलायचा नाय. तुला सांगितला नाय मी."

म्हणून आयसीयूबाहेर मला तेवढं बोलली. स्वतःला बोलत होती.

२१ जानेवारी, मंगळवार

विचारलं.

संध्याकाळी अंगणात. मंजुषा पण बसली होती. म्हटलं, बाबा, उद्या बुधवार आहे. जायचं का? मी पुढे सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं, दिवसांसकट, श्वासासकट. लपवलं नाही. ते ऐकत होते, त्या रविवारी सूचना ऐकत होते तसेच. मधे एकदाच विचारलं, दुखंल का? म्हटलं, औषध देईन. मीच देईन.

मग म्हणाले, उद्या जाऊ. शेवटचा. सिस्टरना सांगून येऊ, बिचारी पाय दाबायची. त्यानंतर नको.

मी म्हटलं, बरं.

एवढाच शब्द. तो म्हणायला चौदा महिने लागले.

२२ जानेवारी, बुधवार

जाऊन आलो. सिस्टरला म्हणाले, येतो बाई. तिला नेहमीसारखंच वाटलं. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली, सुई कशी द्यायची ते मला दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवू लागले तेव्हा म्हटलं, सूर्यमाळच्या नर्सबाईंना फोनवर सांगाल का? त्या येऊन देतील. माझा हात स्थिर नाही.

मंजुषाला सांगितलं तर ती म्हणाली, हे शहाणपण आलं बाई!

२५ जानेवारी, शनिवार

सूर्यमाळ. काल बाबांना गाडीतून वर आणलं, कमूताईकडे. सकाळी रेंजसाठी टेकडीवर चढलो आणि सेंटरला फोन केला. बाबांचं नाव सांगितलं, म्हटलं, ढवळू पेशंटची बुधवार-शनिवारची जागा सोडतोय. तिकडून पानं चाळल्याचा आवाज. मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "कधी गेले?"

म्हटलं, गेले नाहीत. खाली कमूताईशी भांडतायत, वरईत मीठ कमी पडलं म्हणून.